उसना सूर्य

आधी एक छोटं काम करा. फोनवर ज्यूल द्युबोस्क या फ्रेंच माणसाचं कवटीचं स्टीरिओ छायाचित्र शोधा. अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन म्युझियम आहे, मूळ चित्र त्यांच्या संग्रहात आहे. साधारण १८५०चं. कागदावर नाही, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर काढलेलं, म्हणजे डॅगेरोटाइप. स्क्रीनवर शेजारीशेजारी दोन चित्रं दिसतील, जवळजवळ सारखीच. एक कवटी, एक वाळूचं घड्याळ, एक क्रूस.

आता फोन हातभर अंतरावर धरा आणि चित्राकडे न बघता चित्राच्या पलीकडे बघा, खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघतो तसं. दोनाची तीन चित्रं होतील. मधलं चित्र थरथरेल, सरकेल आणि अचानक जागच्या जागी बसेल. ते बसलं की कवटी फोनच्या आत असते. तिच्या डोळ्यांच्या खोबणीत बोट घालता येईल असं वाटतं.

मला हे जमायला तीन दिवस लागले. ठाण्याहून दादरला जाणाऱ्या लोकलमध्ये, उभ्याने, एक हात कडीला. शेजारचा माणूस माझ्या फोनवरची कवटी आणि माझे फिरलेले डोळे पाहून थोडा बाजूला सरकला. पण जमलं तेव्हा तोंडातून ‘अरे!’ निघालं. हा ‘अरे!’ म्हणजे कलेची दाद की नुसत्या करामतीची, या प्रश्नाने मी महिनाभर अस्वस्थ आहे. हा लेख त्या अस्वस्थतेचा आहे.

युरोपीय चित्रकलेत कवटी नवी नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली मेणबत्ती यांची चित्रं ढिगाने काढली. मरण लक्षात ठेव, एवढाच त्यांचा निरोप. त्या चित्रांत कवटी हे एक अक्षर असतं. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. द्युबोस्कच्या चित्रात मात्र कवटी वाचता येत नाही, कारण ती आडवी येते. तिला जाडी आहे, तिच्या मागे जागा आहे. ती मरणाची खूण राहत नाही, कुणाची तरी कवटी होते. माझ्या मते या चित्राची खरी कमाई ही आहे आणि ती रेषेतून किंवा रचनेतून आलेली नाही. ती यंत्रातून आली आहे.

इथे आक्षेप तयारच असतो. द्युबोस्क हा चित्रकार नव्हताच, तो उपकरणं विकणारा दुकानदार होता. स्टीरिओस्कोप खपवायचा तर नमुन्याचं चित्र हवं, आणि खोली दाखवायला कवटीइतकी सोयीची वस्तू दुसरी कुठली? खोबणी, भोकं, गोलाई, सगळं एका ठिकाणी. शिवाय ती हलत नाही. त्या काळात प्लेटवर प्रकाश घ्यायला वेळ लागायचा, त्यामुळे न हलणारा विषय मिळणं हा मोठाच फायदा. थोडक्यात, ही जाहिरात आहे.

मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. त्यासाठी माणूस थोडा समजून घ्यावा लागेल.

ल्वी ज्यूल द्युबोस्कचा जन्म १८१७चा. १८३४मध्ये तो पॅरिसला सोलेय नावाच्या उपकरणकाराकडे उमेदवारीला लागला. भिंगं, प्रिझम, स्फटिक, ध्रुवीकरणाची यंत्रं हा सोलेयचा धंदा. फ्रान्सच्या वैज्ञानिकांना प्रयोगासाठी जे लागेल ते त्याच्याकडे मिळायचं. १८३९मध्ये, म्हणजे द्युबोस्क बावीस वर्षांचा असताना, त्याने सोलेयच्याच मुलीशी, रोझालीशी लग्न केलं. दहा वर्षांनी सासरे निवृत्त झाले आणि दुकान जावयाकडे आलं. आपल्याकडे सराफाच्या किंवा छापखान्याच्या धंद्यात हे असंच चालत आलंय, त्यामुळे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त एक गोष्ट सांगतो. फ्रेंचमध्ये ‘सोलेय’ म्हणजे सूर्य. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. ज्या १८४९ साली द्युबोस्कला सूर्याचं दुकान मिळालं, त्याच वर्षी पॅरिसच्या ऑपेरात त्याच्या उपकरणांनी सूर्य उगवला.

तिकडे जायच्या आधी स्टीरिओस्कोपचं संपवतो. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की खोली दिसते, हे इंग्लंडमध्ये व्हीटस्टनने १८३८मध्ये आरसे वापरून सिद्ध केलं होतं. ब्रूस्टर या स्कॉटिश वैज्ञानिकाने आरशांऐवजी भिंगं लावून हातात मावेल अशी पेटी केली, पण ब्रिटनमधल्या कारागिरांनी तिच्यात रस घेतला नाही. १८५०मध्ये तो ती घेऊन पॅरिसला आला. तिथे आबे म्वान्यो हा विज्ञानाचं वेड असलेला पाद्री त्याला द्युबोस्कच्या दुकानात घेऊन गेला. द्युबोस्कला ती बघताक्षणी पटली. पुढच्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात त्याच्या पेट्या आणि डॅगेरोटाइप मांडलेले होते. राणी व्हिक्टोरियाला ते आवडले आणि मग घरोघरी हे वेड लागलं.

म्वान्योच्या नावावर एक किस्सा सांगितला जातो. तो ही पेटी घेऊन विज्ञान अकादमीच्या बड्या मंडळींकडे फिरला. आरागोला एकाच्या जागी दोन दिसायचे, त्यामुळे त्याला चारचार दिसलं. दुसऱ्या कुणाचा एकच डोळा चांगला, तिसरा तिरळा. शेवटी रेन्योच्या दोन्ही डोळ्यांनी साथ दिली आणि पेटीला न्याय मिळाला. किस्सा मीठमसाला लावलेला असणार. पण तुम्हाला मघाशी कवटी दिसली नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, सोबत चांगली आहे.

१८५२मध्ये द्युबोस्कने फ्रान्समध्ये स्टीरिओस्कोपचं पेटंट घेतलं, त्यावरून स्पर्धकांशी कज्जे झाले आणि १८५७मध्ये ते रद्द ठरलं. माझ्या मते योग्यच झालं. शोध त्याचा नव्हता.

आता सूर्य. १६ एप्रिल १८४९, पॅरिस. मायरबेरचा ‘ल प्रोफेत’, म्हणजे ‘प्रेषित’, या ऑपेराचा पहिला प्रयोग. आदल्याच वर्षी या शहरात क्रांती होऊन गेली होती. कथानक सोळाव्या शतकातलं. लायडनमधला एक साधा खाणावळवाला, जाँ. धर्मबंडखोर त्याला हेरतात, कारण त्याचा चेहरा म्युन्स्टरमधल्या राजा डेव्हिडच्या तसबिरीशी जुळतो. ते त्याला प्रेषित बनवतात. तिसऱ्या अंकात त्याचं सैन्य म्युन्स्टरबाहेर गोठलेल्या तळ्याकाठी तळ ठोकून आहे. सैन्य हरून आलंय, चिडलंय, त्याच्यावरच उलटलंय. जाँ त्यांना आवरतो, देवाचं स्तोत्र गाऊ लागतो, सैन्य त्याच्या सुरात सूर मिसळतं आणि धुकं विरतं. समोर म्युन्स्टर शहर आणि त्यावर उगवणारा सूर्य.

हा सूर्य विजेचा होता. नाट्यगृहातला बाकी सगळा प्रकाश गॅसचा, पिवळा, लवलवणारा. त्यात एकदम पांढराशुभ्र, डोळ्यांना सहन न होणारा ठिपका. लोक वेडे झाले.

तो कसा केला होता, हे कळल्याशिवाय त्याची समीक्षा करता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. कोळशाच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून धरायच्या, वीज सोडायची आणि किंचित दूर करायच्या. मधल्या फटीत प्रखर प्रकाश पेटतो. याला आर्क म्हणतात. अडचण अशी की कांड्या जळतात, फट वाढते आणि मिनिटाभरात दिवा विझतो. म्हणून नियंत्रक हवा. तो फुकोने बनवला. (सत्ता आणि तुरुंगावर लिहिणारा मिशेल फुको नव्हे, त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा लेओं फुको, ज्याने लंबक टांगून पृथ्वी फिरते हे दाखवलं.) कल्पना सुंदर आहे. दिव्याची वीज एका विद्युतचुंबकातून फिरवायची. फट वाढली की वीज कमी होते, चुंबक ढिला पडतो, त्याने अडवून धरलेलं चावीचं चक्र सुटतं आणि कांड्या जवळ येतात. वीज वाढते, चुंबक पुन्हा चक्र धरतो. दिवा स्वतःचीच नाडी बघत जळत राहतो.

द्युबोस्कने हे उपकरण घेतलं, बांधलं, सुधारलं, विकलं आणि नाट्यगृहात चालवलं. त्याच्या दिव्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. अशा दिव्यात धन बाजूची कांडी ऋण कांडीच्या साधारण दुप्पट वेगाने जळते. दोन्ही सारख्याच वेगाने सरकवल्या तर प्रकाशाचा बिंदू हळूहळू जागचा हलतो, आरशाच्या केंद्रातून सुटतो आणि झोत विस्कटतो. म्हणून चक्रांचं प्रमाणच असं ठेवायचं की एक कांडी दुसरीच्या दुप्पट सरकेल. मग कांड्या संपत जातात आणि प्रकाश जागेवर राहतो. बिंदू जागेवर राहिला तरच मागच्या पॅराबोलिक आरशातून सरळ झोत निघतो. पुढे रेशमी पडदा, आणि त्या पडद्यावर सूर्याचं बिंब.

वीज कुठून यायची? जनित्रं अजून यायची होती. ती बुन्सेनच्या घटांमधून यायची. सौम्य सल्फ्युरिक आम्लात जस्त, नायट्रिक आम्लात कोळसा, असे ओळीने पुष्कळ घट. ते दर प्रयोगाला भरायचे, जोडायचे, नंतर रिकामे करून धुवायचे. चालू असताना त्यातून तपकिरी विषारी वाफ निघते. वर रंगमंचावर स्तोत्र चाललेलं असताना आड खोलीत माणसं नाकाला फडकं लावून उभी असणार, असं मला दिसतं.

या सूर्याचा सगळ्यात मोठा टीकाकार रिचर्ड वाग्नर. ‘ऑपेरा आणि नाट्य’ या १८५१च्या ग्रंथात त्याने मायरबेरवर जो प्रसिद्ध आरोप केला, त्याचा सार असा की ही सगळी कारणाशिवायची परिणामबाजी आहे. उदाहरण म्हणून त्याने नेमका हाच सूर्योदय घेतला. नायकाच्या अंतरंगातून उगवायला हवा होता तो प्रकाश यांनी यंत्राने आणून लावला, आणि मग नायकाची गरजच उरली नाही, असा त्याचा युक्तिवाद. वाग्नरच्या मनात मायरबेरबद्दल मत्सर होता आणि ज्यूद्वेषही. त्याचा ज्यूंवरचा विखारी लेख आदल्याच वर्षी आलेला. पण माणूस वाईट म्हणून युक्तिवाद आपोआप चुकत नाही. हा युक्तिवाद आजही जिवंत आहे. व्हीएफएक्सने भरलेला सिनेमा पाहून बाहेर पडताना आपण हेच म्हणतो.

आपल्याकडेही हे घडलंय. १९५९ साली कोलकात्यात तापस सेन यांनी ‘सेतू’ नाटकात रंगमंचावर अंगावर येणारी आगगाडी दाखवली आणि उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये पाण्याने भरत जाणारी कोळशाची खाण. दोन्ही निव्वळ प्रकाशाने. लोक ते बघायला गर्दी करत आणि जाणकार कुरकुरत की नाटक कुठाय?

वाग्नरला माझं उत्तर असं आहे. नीट बघा, जाँ खोटा प्रेषित आहे. त्याला चेहऱ्याच्या साम्यावरून उभा केलाय. हरलेली माणसं त्याच्यामागे पुन्हा चालू लागतात त्या क्षणी आकाशात सूर्य उगवतो, आणि तोही खोटा आहे, तोही कुणीतरी मागून उभा केलाय. सैन्य दिपतं तसे गॅसच्या उजेडाला सरावलेले प्रेक्षकही दिपतात. म्हणजे प्रेक्षक क्षणभर त्या सैन्यातलेच होतात. चमत्कारावर माणसं कशी भाळतात हे सांगणाऱ्या नाटकात प्रेक्षकांनाच चमत्कारावर भाळवलंय. मायरबेरने आणि त्याचा संहितालेखक स्क्रीब याने हे ठरवून केलं की नाही, याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. मंचावर जे घडलं त्याचा अर्थ हा होतो. परिणामाला कारण होतं. वाग्नरला ते दिसलं नाही, कारण ते पडद्यामागे, जस्ताच्या आणि आम्लाच्या भांड्यात होतं.

मात्र एक कबूल करायला हवं. हा अर्थ पहिल्या सूर्यापुरताच खरा आहे. १८५५पासून ऑपेरातल्या विजेच्या प्रकाशाचं काम द्युबोस्ककडे आलं आणि मग युक्त्यांची रांग लागली. १८६०मध्ये रोस्सिनीच्या ‘मोईज’मध्ये त्याने रंगमंचावर इंद्रधनुष्य काढलं, आर्कचा झोत फटीतून आणि प्रिझममधून नेऊन. विजांचा लखलखाट, उजळलेली कारंजी, सगळं केलं. १८७७मध्ये त्याने नाट्यगृहात निसर्गातले चमत्कार दाखवण्याच्या उपकरणांची स्वतंत्र सूचीच छापली. इथे मला वाग्नरचं म्हणणं थोडं पटू लागतं. सूचीत आलेला चमत्कार कुठल्याही नाटकाला लावता येतो, आणि कुठल्याही नाटकाला लागणारी गोष्ट कुठल्याच नाटकाची नसते.

हे लिहिताना मी तटस्थ नाही. कॉलेजात असताना मी एकांकिकांना लाइट्स करायचो. ‘करायचो’ म्हणजे डिमरवर बसायचो, योजना दुसऱ्याची. आमच्या एकांकिकेत शेवटी पहाट होती. सायक्लोरामावर खालून दोन हॅलोजन, अंबरचा जेल पेपर, आणि चाळीस सेकंदांत शून्यापासून सत्तरपर्यंत. चाळीस सेकंद बोटांनी मोजून काढायचे, मुलीच्या शेवटच्या वाक्याच्या श्वासाबरोबर. एका स्पर्धेत परीक्षकांनी नंतर भाषणात त्या मुलीच्या शेवटच्या क्षणाचं खूप कौतुक केलं. चेहऱ्यावर आशा कशी हळूहळू पसरली, वगैरे. मला बक्षीस नको होतं. पण ती आशा माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याने पसरवली होती, हे कुणालातरी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

म्हणून ‘द्युबोस्कवर अन्याय झाला, तो खरा प्रतिभावंत’ असा लेख लिहायचा मोह मला होता. तो लेख खोटा झाला असता. द्युबोस्क उपेक्षित नव्हता. धंदा चालला, ऑपेरात काम मिळालं, १८८६मध्ये वारला तोवर त्याच्या दुकानाचं नाव झालेलं होतं. त्याच्या नावाचा रंगमापक तर विसाव्या शतकातही पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत वापरात होता. त्यात दोन नळ्यांमधल्या द्रावांचे रंग एकाच भिंगात, एका गोलाच्या दोन अर्ध्यांत, शेजारीशेजारी दिसतात. एक द्राव माहितीचा, दुसरा तपासायचा. मधली रेघ पुसली जाईपर्यंत द्रावाची खोली बदलत राहायची, आणि खोलीच्या फरकावरून प्रमाण काढायचं. स्टीरिओस्कोपमध्ये दोन चित्रांचं एक होतं, इथे दोन रंगांचा एक. त्याची सगळी हुशारी बघणाऱ्याच्या डोळ्यावर विसंबलेली आहे. यंत्र अर्धंच काम करतं आणि उरलेलं तुमच्यावर सोडतं. जाहिरातीसाठी काढलेलं कवटीचं चित्र मला कलाकृती वाटतं ते याच कारणाने. ते पत्र्यावर पूर्ण झालेलंच नाही.

त्याच्या अपयशांपैकी एक मात्र मनात राहतं. बेल्जियममध्ये प्लातो नावाचा वैज्ञानिक होता, फिरत्या चकतीवर चित्रं हलती करून दाखवणारा. १८४३च्या सुमाराला तो पूर्ण आंधळा झाला. आंधळा झाल्यावर, १८४९मध्ये, त्याने कल्पना मांडली की आपली चकती आणि स्टीरिओस्कोप एकत्र केले तर हलणारी आणि भरीव चित्रं दिसतील. स्वतः कधीच बघू शकणार नव्हता, तरी. द्युबोस्कने १८५२मध्ये ते यंत्र करून पाहिलं आणि त्याला नाव दिलं बायोस्कोप. ते चाललं नाही. यंत्र हरवलं. गेंट विद्यापीठात एक चकती तेवढी उरली आहे, तिच्यावर चालणाऱ्या एका यंत्राची छायाचित्रं, जोडीजोडीने. आपल्या जत्रांमधला ‘बायस्कोप’ त्याच्याकडून आलेला नाही. तो शब्द आपल्याकडे पुढे सिनेमाच्या यंत्रांबरोबर आला. तरी जत्रेतल्या पेटीच्या भोकाला डोळा लावलेल्या पोराला हे सगळं दाखवायला प्लातोला आवडलं असतं.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या नाट्यगृहात गेलो होतो. तिथले लाइटवाले काका अजून आहेत. त्यांना फोनवर कवटी दाखवली, कसं बघायचं ते समजावलं. त्यांनी चष्मा काढून, लावून, फोन जवळ-दूर करून पाहिलं.

“मला दोनच दिसतायत रे,” म्हणाले.

“होईल काका, जरा पलीकडे बघा.”

“ते राहू दे. याला लाइट कुठून मारलाय?”

मी फोन परत घेतला. महिनाभर ते चित्र बघत होतो, आणि हे मी पाहिलंच नव्हतं.